काउंटरवर फार्मासिस्ट हवा

फार्मसीची पदविका किंवा पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना मनाजोगे काम मिळत नाही, ही तक्रार कोल्हापूर जिल्ह्यात आता घरोघरी ऐकू येते. त्याच जिल्ह्यात शाहूपुरीपासून गडहिंग्लजपर्यंतच्या अनेक मेडिकलमध्ये संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी स्ट्रिप कापून हातात देणारा माणूस नोंदणीकृत फार्मासिस्ट असेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. फार्मासिस्टला जागा नाही आणि फार्मासिस्टच्या जागी फार्मासिस्ट नाही, या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत असताना फार्मसी शिक्षणाविषयीची आपली बहुतेक चर्चा पहिल्या गोष्टीपाशीच अडून राहते. महाविद्यालये फार झाली, जागा वाढल्या, दर्जा घसरला, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. तरीही मला असे ठामपणे वाटते की जागांचा हा फुगवटा मूळ दुखण्याचा परिणाम आहे आणि मूळ दुखणे औषध दुकानाच्या काउंटरवर आहे. तिथे जोवर फार्मासिस्टच्या हजेरीपेक्षा त्याच्या प्रमाणपत्राला अधिक किंमत मिळते, तोवर महाविद्यालयेही प्रमाणपत्रेच विकत राहणार.

फुगवटा कसा आला, हे आधी पाहू. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये ठराव करून २०२०-२१ पासून पाच वर्षे नवी महाविद्यालये उघडण्यास स्थगिती दिली. त्यातून सरकारी संस्था, ईशान्येकडील राज्ये आणि कमी महाविद्यालये असलेली राज्ये वगळली होती. याच काळात, मार्च २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने फार्मसी शिक्षणाचे नियमन हा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नव्हे तर फार्मसी कौन्सिलचाच अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे सगळी जबाबदारी एका संस्थेकडे आली. पुढे स्थगितीचा ठराव वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत टिकला नाही आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कौन्सिलचे म्हणणे फेटाळले. संस्था काढणे हा मूलभूत हक्क आहे आणि त्यावर निर्बंध घालायचा तर तो कायद्याने घालावा लागतो, केवळ कार्यकारी ठरावाने नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण धरणाचे दार एकदम उघडावे तसे त्यानंतर प्रस्ताव वाहू लागले आणि नव्या संस्थेत प्रयोगशाळा, शिक्षक, ग्रंथालय खरोखर आहे की नाही हे जाऊन पाहण्याची कौन्सिलची ताकद त्या वेगाला पुरली नाही. दारे सर्वांना खुली ठेवायची असतील तर आत येणाऱ्याची तपासणी अधिक कडक हवी होती, आणि नेमकी तीच ढिली राहिली.

करोनाच्या दोन वर्षांनी या लाटेला आणखी जोर दिला. सगळे बंद असताना मेडिकल उघडे होते, औषध कंपन्या चालू होत्या, आणि ज्या क्षेत्राला मंदी नाही त्यात मुलाला घालावे असे पालकांना वाटले. महाराष्ट्रात डी.फार्मचा, म्हणजे पदविकेचा, प्रवेश बारावी विज्ञान शाखेच्या गुणांवर होतो. बी.फार्मला, म्हणजे पदवीला, सीईटी द्यावी लागते, पण तिथेही गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही एक रस्ता चालतो. त्यामुळे वैद्यकीयला गुण कमी पडलेला आणि अभियांत्रिकी नको असलेला असा मोठा वर्ग आपसूक इकडे वळतो. कोल्हापूर शहर, वारणानगर, पेठ वडगाव, महागाव, जयसिंगपूर इथल्या जुन्या संस्थांनी मेहनतीने नाव कमावले आहे आणि कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय तर आपल्या भागातील कित्येक पिढ्यांचा आधार राहिले आहे. या संस्थांच्या आवतीभोवती नव्या उभ्या राहिल्या आणि दोन्हींमधला फरक प्रवेश घेणाऱ्या कुटुंबाला दिसेल अशी कोणतीही सोय उरली नाही. त्यातच मान्यतांची प्रक्रिया लांबली की प्रवेशफेऱ्या दिवाळीच्या आसपास किंवा पुढेही रेंगाळतात आणि पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम जेमतेम काही आठवड्यांत उरकला जातो. शरीररचनाशास्त्र आणि औषधनिर्मितीचे प्रात्यक्षिक असे उरकता येत नाही.

आता काउंटरकडे वळू, कारण खरा गुंता तिथे आहे. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध तयार करणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी करू नये, असे त्याचे ४२ वे कलम सांगते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. म्हणजे कायद्याला फार्मासिस्ट दुकानात हवा आहे, भिंतीवरच्या चौकटीत नव्हे. व्यवहारात मात्र परवाना मिळवण्यासाठी प्रमाणपत्र 'लावले' जाते आणि ज्याचे ते प्रमाणपत्र तो माणूस दुसरीकडे एखाद्या औषध कंपनीचा प्रतिनिधी (एम.आर.) म्हणून फिरत असतो, पुण्यात कंपनीत असतो, किंवा गावाकडे शेती करत असतो. महिन्याला काही ठरावीक रक्कम त्याच्या खात्यात येते. दुकानदाराला ही रक्कम पूर्णवेळ फार्मासिस्टच्या पगारापेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि प्रमाणपत्रधारकाला काम न करता मिळणारे उत्पन्न सोडवत नाही. या सौद्यात दोघेही खूश असल्यामुळे तक्रार करायला कोणी उरत नाही.

याचा रोजगाराच्या बाजारावर होणारा परिणाम आपण पुरेसा ओळखलेला नाही. ज्या मुलीला किंवा मुलाला खरोखर काउंटरवर उभे राहायचे आहे, त्याला पगार मागताना त्या भाड्याच्या प्रमाणपत्राशी स्पर्धा करावी लागते. मालक सरळ सांगतो की प्रमाणपत्र मला याहून कमी पैशांत मिळते आणि स्ट्रिपा द्यायला दहावी झालेला पोऱ्या आहेच. त्यामुळे चार वर्षे शिकलेल्या पदवीधराला देऊ केलेला आकडा अनेकदा कुशल गवंड्याच्या महिन्याच्या कमाईच्याही खाली जातो. असा आकडा ऐकून हुशार विद्यार्थी दुकानाकडे पाठ फिरवतात आणि जे नाइलाजाने राहतात त्यांचीही प्रमाणपत्र लावून मोकळे होण्याकडे ओढ वाढते. मग ज्याला केवळ कागद हवा आहे असा विद्यार्थी वर्गात न येता पदविका मिळण्याची सोय शोधतो आणि अशी सोय देणारी संस्था त्याला सापडतेच. 'नॉन-अटेंडिंग' हा शब्द आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारला जातो, याची मला खरोखर चिंता वाटते.

पदविकेच्या शेवटी ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते, तीन महिन्यांहून कमी नसलेल्या काळात, आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष चिठ्ठीवरील औषधे देण्यात घालवणे अपेक्षित असते. फार्मासिस्ट घडतो तो याच तासांत. डॉक्टरांचे अक्षर वाचणे, मात्रा वयाला जुळते का ते पाहणे, दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी लिहिले आहे हे ओळखणे, 'उपाशीपोटी' म्हणजे नेमके केव्हा हे आजींना पटवून सांगणे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. पण ज्या दुकानात मुळात फार्मासिस्टच नाही, त्या दुकानात शिकाऊ विद्यार्थ्याला हे शिकवणार कोण? बहुतेक वेळा ओळखीच्या मेडिकलमधून सही-शिक्का घेतला जातो आणि ५०० तास कागदावर पूर्ण होतात. म्हणजे रिकामे काउंटर आजच्या रुग्णाचे नुकसान करतेच, शिवाय उद्याचा फार्मासिस्टही घडू देत नाही.

रुग्णाचे नुकसान किती खोल आहे, ते प्रतिजैविकांच्या उदाहरणावरून कळते. ताप आला की चिठ्ठीशिवाय तीन गोळ्या घ्यायच्या, बरे वाटले की थांबायचे, ही आपल्या भागातील सवय आहे आणि ती काउंटरवरच पोसली जाते. अशा वापराला आळा बसावा म्हणून २०१३ मध्ये अनुसूची 'एच-१' आली आणि २०१४ पासून तिच्यातील औषधांसाठी दुकानात वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. तीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ही वही भरायची कोणी? ती नियमाप्रमाणे आणि समजून भरू शकेल असा माणूस दुकानात नसेल, तर ती महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरली जाते. केरळने जानेवारी २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' या नावाने औषध दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या आणि चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळणार नाही असा फलक दुकानांत लावायला सांगितला. इच्छा असेल तर राज्य सरकार हे करू शकते, हे त्या उदाहरणावरून दिसते.

महाराष्ट्रानेही हे एकदा करून पाहिले आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे यासाठी राज्यभर मोहीम निघाली. परवान्यांवर कारवाया झाल्या आणि विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. त्या दिवसांत प्रत्यक्ष हजर राहणाऱ्या फार्मासिस्टला एकाएकी मागणी आली होती, ही गोष्ट आजच्या बेरोजगारीच्या चर्चेत कोणी आठवत नाही. मात्र ती मोहीम व्यवस्थेत मुरली नाही. औषध निरीक्षकांची संख्या दुकानांच्या मानाने तुटपुंजी राहिली आणि तपासणी पुन्हा कागदांवर आली.

या ठिकाणी दुकानदाराची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. राधानगरी किंवा चंदगड तालुक्यातल्या लहान गावातील मेडिकलची रोजची विक्री एवढी नसते की त्यातून दोन वेळांसाठी दोन फार्मासिस्ट ठेवता येतील. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किंमत नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे आणि त्यातून भाडे, वीज, मुदतबाह्य माल आणि उधारी निभावायची असते. वर ऑनलाइन कंपन्या मोठाल्या सवलती देतात. त्यांच्यासाठीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला, पण त्याचे अंतिम नियम झाले नाहीत आणि हा व्यापार तसाच वाढत गेला. अशा स्थितीत लहान दुकानदारावर फक्त दंडाचा बडगा उगारणे अन्यायाचे होईल. शिवाय जिथे मालक स्वतः फार्मासिस्ट आहे आणि सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत स्वतः उभा आहे, अशी शेकडो दुकाने आपल्या भागात आहेत आणि रुग्णसेवेचा खरा भार तीच वाहत आहेत. नियम धाब्यावर बसवणाऱ्यांमुळे सर्वाधिक तोटा या लोकांचा होतो, हे संघटनांनीही बोलून दाखवले पाहिजे.

माझ्या मते यातील अडचण अशी आहे की आपल्याकडे फार्मासिस्टच्या ज्ञानाला स्वतंत्र मोल नाही. त्याचे सारे उत्पन्न विकलेल्या मालाच्या नफ्यावर अवलंबून आहे, त्यामुळे 'हे औषध तुम्हाला नको' असे सांगणारा फार्मासिस्ट स्वतःचेच नुकसान करून घेतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ते देण्याचे शुल्क वेगळे मोजते आणि इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून सात किरकोळ आजारांसाठी फार्मासिस्टला थेट उपचार सुचवण्याची मुभा आहे. आपण उद्याच तिथे पोहोचणार नाही. पण निदान सरकारी योजनांतील मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना औषध देऊन समजावून सांगण्याचे ठरावीक शुल्क गावातील हजर फार्मासिस्टला देता येईल, आणि तसे झाले तर राधानगरीच्या दुकानालाही पात्र माणूस ठेवणे परवडेल. कायदा पाळण्याची सक्ती आणि कायदा पाळणे परवडेल अशी व्यवस्था या दोन्ही गोष्टी बरोबरच आणाव्या लागतील.

या मागणीत सैद्धांतिक काही नाही, हे कोल्हापूरकरांना निराळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील कुटुंबे रातोरात घर सोडून निवारा केंद्रांत आली. पाण्याबरोबर चिठ्ठ्या आणि गोळ्यांचे डबे गेले आणि मागे राहिली ती 'सकाळची लहान पांढरी, रात्रीची गुलाबी' एवढीच आठवण. अशा वेळी ज्याच्याकडे गावातील रुग्णांच्या औषधांची नोंद आहे आणि जो एका नावाऐवजी दुसरे नाव सुरक्षितपणे सुचवू शकतो, तो माणूस फार्मासिस्ट असतो. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात त्याला नेमून दिलेले काम असायला हवे.

कारखानदारीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याविषयी पालकांचे गैरसमज बरेच आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहती प्रामुख्याने फाउंड्री, यंत्रांचे भाग आणि कापड यांच्यासाठी ओळखल्या जातात. औषधनिर्मितीचे मोठे कारखाने गोव्यात वेर्णा आणि परिसरात, कोकणात लोटे आणि महाडकडे, किंवा पुणे, ठाणे, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यांत आहेत. त्यामुळे कंपनीत जाणे म्हणजे घर सोडणे, आणि सुरुवातीच्या पगारात खोली व जेवण भागवणे असते. फार्मसीला मुलींची संख्या मोठी आहे. त्यांतील अनेकींना घरचे लोक पाळीच्या नोकरीसाठी गोव्याला पाठवत नाहीत आणि गावातील काउंटर आधीच भाड्याच्या प्रमाणपत्राने अडवलेले असते. शिकलेली मुलगी घरी बसते, याची कारणे शोधताना या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या पाहिजेत.

तरीही कारखान्यांत चांगल्या माणसांची गरज वाढते आहे, आणि त्यामागचे कारण दुःखद आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून तेच विष वीसहून अधिक बालकांच्या पोटात गेले. इतक्या वर्षांत या रसायनाची चाचणी कशी करायची हे आपल्याला माहीत नव्हते असे नाही. ती प्रत्येक वेळी करणारा आणि न केल्यास माल अडवून धरणारा माणूस जागेवर नव्हता. उत्पादनपद्धतीचे नियम असलेली अनुसूची 'एम' २०२३ च्या अखेरीस नव्याने अधिसूचित झाली असून लहान उद्योगांनाही तिच्याप्रमाणे चालणे भाग आहे. त्यासाठी औषधातील घटक तपासणारे एचपीएलसी यंत्र हाताळणारे, बॅचची नोंद खोटी न लिहिणारे, ठरलेल्या पद्धतीपासून विचलन झाले तर लेखी कळवणारे पदवीधर लागतील. एका यंत्राभोवती विद्यार्थ्यांचा घोळका उभा करून प्रात्यक्षिक 'दाखवणाऱ्या' महाविद्यालयातून असे पदवीधर निघणार नाहीत. पुण्यातील औषधसुरक्षा नोंदी (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणे) आणि मेडिकल कोडिंग (आजार व उपचारांना ठरावीक संकेतांक देणे) या कामांनी गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना सामावून घेतले, पण त्यांतील साचेबद्ध भाग संगणकच करू लागला आहे, तेव्हा केवळ त्यावर भिस्त ठेवू नये.

सरकारी नोकरीत जिल्हा परिषदेचा औषध निर्माण अधिकारी आणि लोकसेवा आयोगातून निवडला जाणारा औषध निरीक्षक ही दोन पदे मुलांच्या मनात असतात, पण भरती इतक्या अंतराने निघते की वय निघून जाते. २०२४ मध्ये नागपूर भागातील सरकारी रुग्णालयांत पुरवलेली प्रतिजैविके बनावट असल्याचे उघड झाले, ते औषध निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्यामुळे. असे पद रिक्त ठेवून शासन पैसे वाचवत नाही. सहा वर्षांच्या फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) या पदवीचे तर अधिकच विचित्र आहे. २००८ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यासाठी मोठ्या रुग्णालयाशी संलग्नतेची अट घातली गेली, शेवटचे वर्ष रुग्णकक्षात घालवायला लावले, आणि शासकीय रुग्णालयांत अशा पदवीधरासाठी नियमित पदे मात्र निर्माण केली नाहीत. कोल्हापुरातील सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जिल्ह्याबरोबरच सीमाभागातून आणि कोकणातूनही रुग्ण येतात. तिथे प्रत्येक प्रमुख विभागात एक क्लिनिकल फार्मासिस्ट नेमला, तर परस्परविरोधी औषधे, मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाची मात्रा आणि घरी जाताना दिलेल्या औषधांची यादी यांवर दुसरी नजर राहील.

पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्व परीक्षेचे नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाले. तीन विषय, प्रत्येकात किमान ५० टक्के गुण, अशी ती परीक्षा आहे आणि तिची अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली. विद्यार्थ्यांचा विरोध समजण्यासारखा आहे, कारण संस्थेला मान्यता देताना डोळेझाक करणाऱ्या यंत्रणेने शेवटी परीक्षा फक्त मुलांची घ्यावी हे त्यांना खटकते. म्हणून ही परीक्षा व्हावी, पण तिचा निकाल महाविद्यालयनिहाय जाहीर व्हावा आणि सलग काही वर्षे ज्या संस्थेचे विद्यार्थी उत्तीर्ण होत नाहीत तिचे प्रवेश थांबवावेत. न्यायालयाने सरसकट स्थगिती नाकारली असली, तरी दर्जा न राखणाऱ्या संस्थेची मान्यता काढण्याचा कौन्सिलचा अधिकार शाबूत आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी या शहरात वसतिगृहे उभी केली आणि १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणण्याचा हुकूम काढला, तेव्हा शिकलेल्या मुलाला समाजात जागा मिळेल ही जबाबदारीही त्यांनी राज्यकर्ता म्हणून उचलली होती. त्या परंपरेच्या जिल्ह्यात एक काम विनाविलंब करता येईल. अन्न व औषध प्रशासनाच्या येथील कार्यालयाने प्रत्येक परवान्यावरील फार्मासिस्टचे नाव, छायाचित्र आणि हजेरीची वेळ दुकानाच्या दर्शनी भागात ठळकपणे लावून घ्यावी आणि त्या वेळेत तो नसल्यास रुग्णाने कुठे कळवायचे तो क्रमांक त्याखाली छापावा. याच माहितीवरून फार्मसी महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या ५०० तासांसाठी केवळ हजर फार्मासिस्ट असलेली दुकाने निवडावीत, इतर दुकानांचे सही-शिक्के नाकारावेत, आणि प्रवेशाच्या वेळी विचारायला येणाऱ्या पालकांसमोर त्या दुकानांची यादी ठेवावी.